तुम्ही कुठे बसला होतात?

१९६५ सालच्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन रंगमंचावर आला. पुढे काय घडलं, हे तिथे हजर असलेली माणसं गेली साठ वर्षं सांगत आहेत, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

कोर्टात असा खटला उभा राहिला तर न्यायाधीश वैतागून जातील. घटनेची तारीख पक्की आहे : रविवार, २५ जुलै १९६५. वेळ रात्रीची. जागा अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट गावचं उघडं मैदान. आरोपी चोवीस वर्षांचा. साक्षीदार पंधरा हजारांच्या घरात. ध्वनिमुद्रण आहे, चित्रीकरण आहे, नंतर लिहिलेल्या आठवणींचा तर ढीग आहे. आणि एवढं सगळं असूनही साध्या प्रश्नांवर एकमत नाही. लोकांनी हुर्यो उडवली का? उडवली असेल तर किती जणांनी? आणि कुणाची : गाण्याची, गिटारची, आवाजाच्या यंत्रणेची, की निवेदकाची?

वाद नसलेल्या गोष्टी थोड्याच आहेत. काळं चामडी जाकीट घातलेला डिलन पाच वादकांसह आला. माइक ब्लूमफील्डच्या हातात विजेची गिटार होती, सोबत ऑर्गन, बास आणि ड्रम. तीन गाणी झाली. त्यातलं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ पाचच दिवसांपूर्वी तबकडीवर आलं होतं. पाव तास होतो न होतो तोच मंडळी आत निघून गेली आणि मैदानात कल्लोळ उठला. निवेदन करणाऱ्या पीटर यॅरोने डिलनला परत येण्याची गळ घातली. डिलन साधी गिटार घेऊन आला. ‘ई’ पट्टीची हार्मोनिका कुणाकडे आहे का, असं त्याने समोरच्या गर्दीला विचारलं, तर अंधारातून एकामागून एक हार्मोनिका रंगमंचावर येऊन आदळल्या. दोन गाणी म्हणून तो गेला. त्यानंतर ३७ वर्षं तो या महोत्सवाकडे फिरकला नाही. २००२ मध्ये आला तेव्हा डोक्यावर टोप आणि तोंडाला खोटी दाढी होती. कारण त्याने सांगितलं नाही.

हार्मोनिकांचा हा तपशील सगळ्यांच्या सांगण्यात येतो. मला तो सर्वांत बोलका वाटतो, कारण ही गर्दी कसली होती ते त्यातून कळतं. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या खिशात वाद्य असतं, तेही नेमक्या पट्टीचं, म्हणजे तो नुसता श्रोता नसतो.

खिशात वाद्य असलेली गर्दी

न्यूपोर्ट हे तसं धनिकांचं गाव. व्हँडरबिल्ट घराण्याचा ‘द ब्रेकर्स’ हा सत्तर खोल्यांचा प्रासाद याच गावात समुद्राकडे तोंड करून उभा आहे. जॉर्ज वीन या जॅझ पियानोवादकाने इथे १९५४ मध्ये जॅझ महोत्सव सुरू केला आणि १९५९ मध्ये त्याच्या जोडीला लोकसंगीताचा. पहिल्याच वर्षी बॉब गिब्सन या गायकाने आपल्या कार्यक्रमात अठरा वर्षांच्या एका अनोळखी मुलीला गायला बोलावलं. ती जोन बाएझ. १९६० च्या जॅझ महोत्सवात बाहेर दंगल झाली आणि सगळंच थांबलं. १९६३ मध्ये लोकसंगीत महोत्सव पुन्हा उभा राहिला तो ना-नफा संस्था म्हणून. या नव्या घडीमागे पीट सीगर आणि त्याची पत्नी तोशी यांचा मोठा हात होता.

नियम साधा होता. प्रत्येक कलावंताला सारखेच पन्नास डॉलर, शिवाय जाण्यायेण्याचा आणि राहण्याखाण्याचा खर्च. एरवी एका रात्रीचे हजारो डॉलर घेणाऱ्या ‘पीटर, पॉल अँड मेरी’ यांनाही पन्नास आणि मिसिसिपीच्या शेतावरून आलेल्या म्हाताऱ्या गायकालाही पन्नास. नामवंतांच्या नावावर तिकिटं खपायची आणि त्या पैशातून अनामिकांना आणता यायचं.

रात्री मोठ्या मंचावर मैफल आणि दिवसा ‘वर्कशॉप’, अशी रचना होती. वर्कशॉप म्हणजे मैदानात जागोजागी मांडलेले छोटे मंच, समोर गवतावर बसलेली पोरं. एखादा बँजोवादक बोटं कशी चालतात ते दाखवतोय आणि दोन हातांवर बसलेला विद्यार्थी डोळे फाडून बघतोय. मरे लर्नर या दिग्दर्शकाने १९६३ ते १९६६ या काळात इथे चित्रीकरण केलं आणि त्यातून ‘फेस्टिव्हल’ हा माहितीपट १९६७ मध्ये आला. त्यात गायकांइतकीच ही पोरंही दिसतात : पिशव्या पाठीला मारून आलेली, उघड्यावर झोपणारी, गटागटाने गात बसलेली आणि खरं लोकसंगीत कशाला म्हणायचं यावर तावातावाने भांडणारी.

या गर्दीने काय काय ऐकलं त्याची यादी थक्क करणारी आहे. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. मग तो शेतमजुरीत हरवून गेला. त्याच्या एका गाण्यात अ‍ॅव्हलॉन या खेड्याचं नाव होतं, तेवढ्या धाग्यावरून १९६३ मध्ये एका संग्राहकाने त्याला शोधून काढलं. त्याच उन्हाळ्यात सत्तरीचा हर्ट न्यूपोर्टच्या मंचावर खुर्ची टाकून गात होता आणि त्याच्या नातवंडांच्या वयाची गोरी मुलं जिवाचा कान करून ऐकत होती. १९६४ मध्ये स्किप जेम्स आला, १९६५ मध्ये सन हाउस. लुइझियानाचा केजन फिडलवादक ड्यूई बाल्फा १९६४ मध्ये आला. घरगुती नाचाच्या बैठकीत फार तर दोनशे माणसांसमोर वाजवलेला तो माणूस. न्यूपोर्टच्या हजारोंनी त्याला मंचावरून हलू दिलं नाही, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. गावी परतल्यावर त्याने आपल्या भाषेचं आणि संगीताचं काम हाती घेतलं. स्वतःच्याच मुलखात जे गावठी ठरलं होतं, त्याला परक्या गर्दीच्या टाळ्यांनी मान मिळवून दिला.

१९६३ च्या एका रात्री डिलन, बाएझ, सीगर, ‘पीटर, पॉल अँड मेरी’ आणि नागरी हक्क चळवळीतले ‘फ्रीडम सिंगर्स’ हातात हात गुंफून उभे राहिले आणि ‘वुई शॅल ओव्हरकम’ गायले. आपल्याकडे शाळाशाळांतून म्हटलं जाणारं ‘हम होंगे कामयाब’ ते हेच. महिन्याभराने वॉशिंग्टनचा मोर्चा निघाला. अशा रात्री जे मैदानात होते त्यांना आपण मैफल ऐकली असं वाटत नव्हतं, आपण एका कामात हात लावला असं वाटत होतं. दोन वर्षांनंतरचा रागलोभ समजून घ्यायचा तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

पुढची रांग, मागची रांग, मंचाची कड

आता २५ जुलैच्या साक्षी. सगळ्या वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. सांगणारा डिलनच्या बाजूचा की विरुद्ध, यापेक्षा तो बसला कुठे होता यावर त्याची कहाणी जास्त ठरते.

याचं कारण अगदी यांत्रिक आहे. त्या काळची मैदानी ध्वनियंत्रणा एक गळा आणि एक साधी गिटार यांच्यासाठी जुळवलेली असे. विजेच्या गिटारचा अँप्लिफायर मंचावरच असतो आणि त्याचा आवाज थेट समोर जातो. गायकाचा आवाज मात्र मायक्रोफोनमधून, मिश्रण करणाऱ्या माणसाच्या हाताखालून, मोठ्या कर्ण्यांतून बाहेर पडतो आणि ते कर्णे मागच्या गर्दीवर रोखलेले असतात. म्हणजे पहिल्या रांगांत बसलेल्याला ब्लूमफील्डची गिटार आणि सॅम लेचे ड्रम छातीवर आदळल्यासारखे ऐकू येणार, आणि शब्द जवळपास नाहीतच. ज्या कवीचे शब्द ऐकायला माणूस शेकडो मैल प्रवास करून आला त्याचे शब्दच ऐकू येत नाहीत. ‘आवाज, आवाज!’ अशी ओरड पुढून झाली, असं सांगणारे बरेचसे पुढे बसलेले आहेत. मध्यभागी आणि मागे बसलेल्यांपैकी अनेकांना गाणं नीट ऐकू आलं. आवाज मोठा होता, नवा होता, पण गाणं होतं. त्यातल्या कित्येकांना हुर्यो ऐकूच आली नाही.

मंचावर तिसरंच. अल कूपर ऑर्गनवर होता. ‘मॅगीज फार्म’ वाजवताना तालाची सम उलटी पडली आणि मंडळी गडबडली, असं तो सांगतो. नवल नव्हतं, कारण तालीम आदल्या रात्रीची, तीही एका प्रासादात घाईघाईने उरकलेली. लोक का चिडले याचं कूपरने दिलेलं कारण इतकं व्यवहारी आहे की इतिहासकारांना ते आवडत नाही. लोक डिलनसाठी आले होते, तो पाव तासात गेला, म्हणून चिडले. तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत, इतकंच. त्या रात्रीची यादीच लांबलचक होती आणि वेळ सगळ्यांनाच थोडा होता, पण चाहत्याला ते कोण समजावणार?

मंचाच्या कडेला आणि मागे महोत्सवाचे कारभारी उभे होते. तिथलं वातावरण आदल्या दिवसापासून तापलं होतं. लोकगीतांचा थोर संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स याने शनिवारी ‘पॉल बटरफील्ड ब्लूज बँड’ची ओळख करून देताना टोमणे मारले होते आणि त्यावरून डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन त्याच्या अंगावर गेला होता. दोन प्रौढ, भारदस्त गृहस्थ धुळीत गडाबडा लोळले. रविवारी रात्री मंचाची व्यवस्था जो बॉइड या तरुणाकडे होती. ‘व्हाइट बायसिकल्स’ या आठवणींच्या पुस्तकात तो लिहितो की आवाज ताबडतोब कमी करा, असा निरोप लोमॅक्स, सीगर आणि थिओडोर बिकेल यांनी त्याच्याकरवी पाठवला. आवाजाच्या मिश्रणाचं टेबल प्रेक्षकांत होतं. तिथे ग्रॉसमन, यॅरो आणि ध्वनिमुद्रणातला जाणकार पॉल रॉथचाइल्ड बसले होते. त्यांनी निरोप उडवून लावला. आवाज हवा तेवढाच आहे, असं त्यांचं म्हणणं. एकाच क्षणी एका टेबलावर आवाज अगदी योग्य होता आणि तिथून थोड्या अंतरावर मंचामागे असह्य.

वीज काही नवी नव्हती

शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी गोष्ट सांगायची तर ती अशी होते : जुन्या वळणाच्या लोकांना विजेची गिटार सहन झाली नाही. ही गोष्ट सोपी आहे आणि चुकीची आहे.

१९६४ मध्ये जॉनी कॅश याच महोत्सवात विजेच्या गिटारच्या साथीने गायला. १९६५ च्या त्याच तीन-चार दिवसांत बटरफील्डचा ताफा विजेच्या वाद्यांवर वाजवून गेला, ‘चेंबर्स ब्रदर्स’ वाजवून गेले. लोक नाचले. शिकागोतले काळे ब्लूज गायक तर विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून विजेची गिटार वाजवत होते. त्यांचं लोकसंगीत तेच होतं. डिलनच्या मागे ड्रम वाजवणारा सॅम ले आणि बास वाजवणारा जेरोम आर्नल्ड हे दोघं काळे वादक हाऊलिन वुल्फसारख्या दिग्गजाच्या ताफ्यातून आले होते. म्हणजे ‘परंपरा’ मोडली म्हणून ज्यांच्यावर राग निघाला, त्यांच्यातले निदान दोघे परंपरेच्या अधिक जवळचे होते, समोरच्या महाविद्यालयीन गर्दीपेक्षा तर नक्कीच.

मग आक्षेप कशाला होता? विजेला नव्हता, डिलनच्या हातातल्या विजेला होता. बटरफील्ड पाहुणा होता. डिलन घरचा होता. त्याने दोन वर्षांपूर्वी याच मंचावर हातात हात घालून गायलेलं होतं. घरच्याला वेगळा न्याय लागतो. लग्नाच्या पंक्तीत पाहुण्याने पानात टाकलं तर यजमान गप्प बसतात, घरच्या पोराने टाकलं तर सगळी आळी ऐकते.

त्या शरद ऋतूत ‘सिंग आउट!’ या लोकसंगीताच्या मासिकात हा वाद छापून आला. समीक्षक पॉल नेल्सनने हुर्यो ऐकल्याचं मान्य केलं आणि सरळ डिलनची बाजू घेतली. मासिकाची भूमिका वेगळी होती. नेल्सन तिथून बाहेर पडला.

सीगरची कुऱ्हाड

या रात्रीची सर्वांत प्रसिद्ध कथा पीट सीगरची आहे. सीगर त्या वेळी शेहेचाळीस वर्षांचा, महोत्सवाचा आत्मा म्हणावा असा माणूस. त्या संध्याकाळची सुरुवात त्याने नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवून केली होती. हे मूल कुठल्या जगात येतंय ते आज आपण त्याला गाऊन सांगू, अशी त्याची कल्पना. त्या पार्श्वभूमीवर डिलनचा गडगडाट सुरू झाला आणि म्हणे सीगर कुऱ्हाड घेऊन वायर तोडायला धावला.

कुऱ्हाड पाहिली असं सांगणारे आहेत. सीगरला आवरावं लागलं असं सांगणारे आहेत. तो मोटारीत जाऊन कान झाकून बसला असंही कुणी सांगतं. आणखी एका कथेत त्याचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील, संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर, यांच्या कानातल्या श्रवणयंत्राला तो आवाज सोसवेना म्हणून मुलगा खवळला. स्वतः सीगरने पुढे अनेकदा खुलासा केला. कुऱ्हाड हातात नव्हती. हातात असती तर वायर तोडली असती, एवढंच आपण बोललो. रागही विजेवर नव्हता, फाटक्या आवाजावर होता, कारण इतक्या चांगल्या गाण्याचे शब्द कळत नव्हते.

पण गंमत पुढे आहे. उत्तरायुष्यातल्या एका मुलाखतीत सीगर म्हणाला की हुर्यो उडवणाऱ्यांना आपण त्याच वेळी सुनवायला हवं होतं : काल हाऊलिन वुल्फ विजेवरच वाजवून गेला, तेव्हा नाही तुम्ही ओरडलात! मुद्दा बिनतोड आहे. फक्त हाऊलिन वुल्फ न्यूपोर्टला गायला तो पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये. सीगरसारख्या सत्यवचनी माणसाच्या आठवणीतही दोन उन्हाळे एकमेकांत मिसळून गेले. ही खोट काढावी म्हणून सांगत नाही. माणसं आठवणी अशाच रचतात : जे घडलं त्यातून जे म्हणायचं राहून गेलं ते आधी आठवतं, आणि मग त्याला शोभेल असा पुरावा मन स्वतःच पुरवतं.

टेप काय सांगते?

तोंडी साक्षींचा नाद सोडून टेपच ऐकावी, हा उपाय अनेकांना सुचला. न्यूपोर्टच्या संचालक मंडळावर काम केलेला लोकसाहित्याचा अभ्यासक ब्रूस जॅक्सन याने मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं आणि हुर्योची कथा हे मिथक आहे, असा निर्वाळा दिला. त्याच्या मते आरडाओरडा झाला तो मुख्यतः यॅरोच्या बोलण्यावर. डिलनला वेळ थोडा आहे, असं यॅरोने सांगितलं ते लोकांना रुचलं नाही, आणि गाणी पटकन संपली तेही रुचलं नाही. लर्नर मात्र, जो स्वतः कॅमेरा घेऊन तिथे होता, हुर्यो झाली यावर ठाम राहिला. २००७ मध्ये त्याने ‘द अदर साइड ऑफ द मिरर’ या चित्रपटात डिलनचं न्यूपोर्टमधलं चित्रीकरण सलग दाखवलं. इलायजा वॉल्डने तर २०१५ मध्ये अख्खं पुस्तक लिहून सगळ्या साक्षी शेजारी शेजारी मांडल्या आणि एकच निकाल देण्याचं टाळलं.

टेपलाही कान एकाच जागी असतो. मायक्रोफोन मंचावर होते, गर्दीत पेरलेले नव्हते. पुढच्या दहा रांगांतली ओरड त्यांत येते, तिसाव्या रांगेतलं कौतुक येत नाही. शिवाय पंधरा हजारांतून येणारा आवाज म्हणजे एकच गुरगुराट. त्यातली हुर्यो कुठली, ‘आणखी, आणखी’ कुठलं आणि ‘आवाज नीट करा’ कुठलं, हे ज्याने त्याने ठरवायचं. शेवटच्या गाण्यांच्या वेळी डिलनच्या गालावर काहीतरी चमकतं. चित्रपट पाहणाऱ्यांत कुणी म्हणतं अश्रू, कुणी म्हणतं घाम.

एक गोष्ट मात्र निःसंशय घडली. न्यूपोर्टच्या बातमीने पुढच्या श्रोत्यांना कसं वागायचं ते शिकवलं. महिन्याभराने, २८ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स स्टेडियमवर डिलन पहिला अर्धा भाग एकटा गायला आणि दुसरा वादकांसह. लोक हुर्यो उडवायची तयारी करूनच आले होते. काही पोरं मंचावर घुसली, कूपर स्टुलावरून खाली पडला. आणि कूपर सांगतो, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू झालं तशी सगळी गर्दी सोबत गायला लागली, आणि गाणं संपताच पुन्हा हुर्यो! आता तो विरोध राहिला नव्हता, कार्यक्रमाचाच भाग झाला होता. पुढच्या दौऱ्यात ड्रमवादक लेव्हन हेल्म या रोजच्या हुर्योला कंटाळून काम सोडून गेला. १७ मे १९६६ ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांतून एक स्पष्ट शब्द आला : ‘जुडास!’ येशूला विकणाऱ्या शिष्याचं नाव. हा शब्द टेपवर स्वच्छ ऐकू येतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो आपणच ओरडलो, असा दावा पुढे दोन वेगवेगळ्या माणसांनी केला.

गाणं कुणाच्या मालकीचं?

लोकसंगीताच्या बाबतीतच हे असं का व्हावं? सिनेमातला गायक वाद्यवृंद बदलतो तेव्हा लोक फार तर तिकीट काढत नाहीत. फसवणूक झाल्यासारखं रडत नाहीत. लोकसंगीताचा दावाच वेगळा असतो. हे गाणं कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे, असं सांगून ते सुरू होतं. न्यूपोर्टने तर ते नुसतं सांगितलं नाही, पन्नास डॉलरच्या नियमाने व्यवहारात आणलं. श्रोत्याला शेजारी बसवलं, वाद्य शिकवलं, सोबत गायला लावलं. इतकं केल्यावर त्याने मालकी सांगितली तर तक्रार कशी करणार? गाणं सगळ्यांचं असेल तर ते कसं गावं यावर बोलायचा हक्कही सगळ्यांचा. हुर्यो उडवणारा आणि हार्मोनिका फेकणारा हा मला एकाच जातीचा श्रोता वाटतो. कदाचित काही बाबतीत एकच माणूसही असेल.

त्याच्या मालकीहक्कात एक गफलत होती, तीही सांगायला हवी. लोकगीत जिवंत असतं ते बदलतं म्हणून. तोंडातून तोंडात जाताना ओळ पालटते, चाल वळते, वाद्य नवं येतं. शहरात वाढलेल्या, तबकड्यांवरून लोकसंगीत शिकलेल्या पिढीला मात्र ते तबकडीसारखं, एकदा कोरलेलं आणि कायमचं, असंच हवं होतं. ज्यांच्याकडून ते आलं ते गायक या बाबतीत फार मोकळे होते.

आपल्याकडच्या एका कवीचं उदाहरण इथे आठवतं. आपल्यावर प्रभाव कुणाकुणाचा, असं विचारल्यावर अरुण कोलटकरांनी जी लांबलचक यादी दिली, तीत जनाबाई, एकनाथ, तुकाराम आहेत, राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत, आणि त्यांच्याच जोडीला बॉब डिलन, वुडी गथ्री, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, हाऊलिन वुल्फ. मराठी लावणी आणि शिकागोची विजेची गिटार एका दमात. कोलटकरांनी स्वतः इंग्रजीत गाणी लिहिली आणि गायलीही. या यादीत ‘खरं’ कुठलं आणि ‘बाटलेलं’ कुठलं अशी वर्गवारी नाही. न्यूपोर्टच्या मैदानापासून हजारो मैल दूर, मुंबईत बसलेल्या श्रोत्याला जे सहज दिसलं, ते पुढच्या रांगेतल्यांना दिसायला काही वर्षं लागली. लांब बसण्याचेही काही फायदे असतात.

फोन हातात असलेली गर्दी

१९६९ नंतर न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात मोठा खंड पडला. १९८५ मध्ये तो फोर्ट अ‍ॅडम्स या समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात पुन्हा सुरू झाला. डिलनची त्या रात्रीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१३ मध्ये लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरला गेली. ज्या महोत्सवात मानधन पन्नास डॉलर होतं, तिथल्या एका वस्तूला ही किंमत आली.

याच किल्ल्यात २४ जुलै २०२२ ला ब्रँडी कार्लाइल या गायिकेचा ‘मित्रमंडळींसह’ कार्यक्रम जाहीर झाला होता. मित्रमंडळी कोण ते जाहीर नव्हतं. मंचावर आली जोनी मिचेल, वय ७८. ती न्यूपोर्टला शेवटची गायली होती १९६९ मध्ये. २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याने तिची वाचा गेली, चालणं गेलं. गिटार तिने स्वतःचीच जुनी चित्रीकरणं पाहून, बोटं कुठे ठेवायची ते बघत, नव्याने शिकून घेतली. त्या दिवशी ती गायली आणि एक गाणं तिने गिटारवर एकटीने वाजवलंही. हजारो फोन वर गेले. बघता बघता ती चित्रफीत जगभर पोचली, आणि पुढे या मैफलीच्या अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

तिथे हजर असलेल्या चाहत्यांनी ठिकठिकाणी जे लिहिलं, सांगितलं, ते पाहिलं की वाटतं, पुरावा वाढला म्हणून साक्षी एक झाल्या नाहीत. चित्रीकरण सगळ्यांचं सारखंच आहे. कुणी सांगतं, आवाज खर्जात उतरलाय तरी शब्दांना पहिल्यापेक्षा धार आलीय. कुणी आवाजाविषयी बोलतच नाही, शेजारी रडणाऱ्या अनोळखी माणसाविषयी बोलतं. कुणाला आपली आई आठवते, जिने या गायिकेच्या तबकड्या झिजवल्या. फोनमध्ये गाणं आलं. श्रोता काय घेऊन मैदानात आला होता, ते फोनमध्ये येत नाही. १९६५ ची भांडणंही मुळात याच ऐवजावरची होती.

२०२४ मध्ये ‘अ कम्प्लीट अननोन’ हा डिलनवरचा चित्रपट आला. त्याचा शेवटाकडचा मोठा प्रसंग न्यूपोर्टचाच. त्यात गर्दीतून कुणीतरी ‘जुडास!’ असं ओरडतं. म्हणजे मँचेस्टरचा शब्द दहा महिने आधीच्या मैदानात, अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर नेऊन बसवला आहे. नाट्याच्या दृष्टीने तो तिथे फिट बसतो, हे कबूल करावं लागतं. १९६५ च्या त्या गर्दीतली वीस वर्षांची पोरं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नातवंडांसोबत हा चित्रपट पाहिला असणार. यापुढे त्यांच्यापैकी कुणी शपथेवर सांगू लागलं की ‘जुडास’ म्हणून ओरडणारा माझ्याच शेजारी बसला होता, तर त्याला खोटं ठरवायची घाई करू नये. तुम्ही कुठे बसला होतात, एवढं मात्र जरूर विचारावं.